बांधीव डबा

क्रेनवाल्यांच्या घरात स्वयंपाकाची परीक्षा वेगळीच असते. पदार्थ चवीला कसा झाला हे कुणी विचारत नाही. तो पोटात किती वेळ मुकाट्यानं बसून राहील, एवढंच बघतात. उंच क्रेनच्या टोकाशी काचेची एवढीशी खोली असते. माणूस सकाळी शिडी चढून तिच्यात जाऊन बसला की संध्याकाळीच खाली उतरतो. मधेच उतरायचं म्हटलं तर घाम गाळायचा, खाली मुकादमाची बोलणी खायची, आणि आलो तसं पुन्हा वर चढायचं. लघवीसाठी वर बाटली असते, पण दुसऱ्या कामाला बाटली चालत नाही. म्हणून मग डब्यात पांढरा पाव, खारवलेलं मांस, उकडलेली अंडी आणि चीज. भाजी नाही, फळ नाही, पाणीसुद्धा चिमणीनं प्यावं तेवढंच. याला ते लोक 'बांधीव डबा' म्हणतात. आणि ज्याचं पोट दिवसभर हाक मारत नाही, त्याच्याबद्दल चारचौघांत कौतुकानं सांगतात, "त्याचं पोट शहाणं आहे हो."

उस्तादचं पोट फारच शहाणं होतं. नव्या पोरांना शिकवताना तो पहिला धडा शिडीचा देत नसे, डब्याचा देई. "आधी पोट बांधायला शिका, मग हूक हलवा," असं तो म्हणायचा आणि पोरं माना डोलवायची. त्या पोरांमध्ये त्याचा सख्खा धाकटा भाऊही होता. तो शिडी अशी सरसर चढायचा की साइटवर त्याचं नाव 'खार' पडलं आणि मग घरीदारीही तेच चिकटलं. आता चाळिशीला टेकला तरी खारच.

या दोघांचे डबे भरायची थोरली. म्हणजे उस्तादची बायको, घरातली थोरली सून. ती लग्न होऊन आली तेव्हा खार शाळेत होता, गुडघे फोडून घरी यायचा आणि आईच्या माराच्या भीतीनं वहिनीच्या पाठीमागे लपायचा. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्याची चर्चा त्या घरात पुरेशी झालेली आहे, इथे नको. खार तिला अगं-तुगं करायचा, तिच्या ताटातलं उचलून खायचा, आणि त्याचं लग्न होऊन तो वरच्या मजल्यावर राहायला गेला तरी त्याचा डबा तिच्याकडेच राहिला. त्याची बायको, धाकटी, एका कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. थोरलीला लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम होतं, ते उशिरा सुरू व्हायचं. तेव्हा एका डब्याऐवजी दोन, त्यात काय एवढं, असं सगळ्यांचंच मत पडलं. भरणारीला कुणी विचारलं नव्हतं.

उस्ताद आजारी आहे हे घराच्या आधी शिडीला कळलं. शिडीच्या मधोमध दम खायला एक फळी असते. नवशिके तिथे थांबतात, मुरलेले थांबत नाहीत. उस्ताद थांबायला लागला. आधी जरासा, मग बराच वेळ. मग एकदा खालून क्रेनला इशारे देणाऱ्या सिग्नलवाल्यानं घरी येऊन सांगितलं, की उस्ताद आज फळीवर बसूनच राहिला होता, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा दिसत होता. पुढचं सगळं एकामागून एक घडत गेलं. रक्त तपासलं तर अंगात रक्तच कमी. मग आतड्यात कॅमेरा घालून पाहिलं तर मोठ्या आतड्यात गाठ. कॅन्सर. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आतड्याचा बराच भाग गेला, आणि पोटावर एक भोक पाडून तिथे शौचासाठी कायमची पिशवी बसली. ज्या माणसाचं पोट दिवसभर हाक मारत नव्हतं, त्याचं पोट आता केव्हाही, कुणाहीसमोर गुरगुरायचं. उस्ताद शरमेनं भिंतीकडे तोंड करायचा आणि थोरली पिशवी बदलायची.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना उस्तादच्या खाटेशी बसवून घेतलं. थोरली होती, सासूबाई होत्या. खार तेवढा बाहेर फोनवर बोलत उभा होता. बाईंनी सगळं विचारलं. खाणं काय, पाणी किती, सिगारेट, दारू, चालणं. उस्तादनं सगळं सांगितलं. डब्याचं सांगताना त्याचा आवाज खाली गेला. थोरलीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"म्हणजे डब्यानं झालं?" तिनं विचारलं.

"असं बोट ठेवून कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असं खाणं, सिगारेट, दिवसभर एका जागी बसणं, यानं धोका वाढतो हे नक्की. भाज्या, कडधान्यं, चालणंफिरणं यानं कमी होतो, हेही नक्की. पण धोका वाढला म्हणजे आजार होतोच असं नाही. आणि सगळं नीट करणाऱ्यालाही तो होतो. घराण्यात असेल तर आणखी वेगळं. यांचे वडील कशानं गेले?"

"दमून," सासूबाई म्हणाल्या. "काम करून करून माणूस दमतो, तसे. शेवटी शेवटी अगदी वाळून गेले होते."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर टिपून घेतलं. "मग यांच्या भावाची तपासणी लगेच करून घ्या. ही गाठ एका दिवसात होत नाही. आधी आतड्याला लहानसा मोड फुटतो, तो वर्षानुवर्षं वाढत राहतो, आणि माणसाला काही जाणवत नाही. मोड असतानाच काढून टाकला तर बहुतेक वेळा पुढचं सगळं टळतं. खाणं सुधारा, जरूर सुधारा. पण त्यानं आधीच आलेला मोड जाईल अशा भरवशावर राहू नका."

एवढं साधं, सरळ बोलणं. पण माणसं ऐकतात ती आपल्याला हवं तेवढंच. सासूबाईंनी घरी येताना त्यातलं 'असं खाणं' तेवढं पदरात बांधून आणलं.

"माझा मुलगा डब्यानं खाल्ला," त्या शेजारणींना सांगायला लागल्या. थोरली आत इस्त्रीच्या कपड्यांसारखी ताठ उभी राहून ते ऐकायची. सिगारेटचं नाव कुणी काढलं नाही, कारण सिगारेट उस्तादची स्वतःची होती. दिवसभर बसण्याचं नाव निघालं नाही, कारण ते मालकाचं होतं. आजारी बापाचं तर नाहीच नाही. हातात धरून दाखवता येईल असा एक डबा तेवढा होता, आणि तो थोरलीचा होता.

उस्ताद एका शब्दानं बोलला नाही. डबा कसा भरायचा हे लग्नानंतर त्यानंच तिला शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं हौसेनं भाजी घातली तेव्हा तोच तणतणत घरी आला होता. हे त्याला आठवत असणारच. पण पोटावर पिशवी घेऊन पडलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं? थोरलीनं विचारलं नाही. रोज वाट मात्र बघितली. पिशवी बदलताना, आंघोळ घालताना, घासभर भाताची मऊ पेज भरवताना तिला वाटायचं, आता म्हणेल. एकच वाक्य तर होतं. 'तुझा काय दोष, मीच मागत होतो.' ते काही आलं नाही, आणि वाट बघून बघून तिला त्याचाही कंटाळा आला.

खारनं तर डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा डबा धुऊन, पुसून तिच्या ओट्यावर आणून ठेवला.

"उद्यापासून नको हं वहिनी," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. पण मला आता जपायला पाहिजे."

आणि जपायला लागला म्हणजे असा, की बघणाऱ्यानं हात जोडावेत. सिगारेट एका झटक्यात सोडली. पहाटे उठून पळायला लागला. वाडगं भरभरून कच्च्या भाज्या, ओट्स, फळं, मोड आलेली कडधान्यं, आणि बीट. बीट तर एवढं, की त्याच्या घरातलं पाट्या-सुऱ्यांपासून टॉवेलापर्यंत सगळं गुलाबी झालं. मुकादमाशी भांडून त्यानं दुपारी खाली उतरायची सुट्टी मिळवली, स्वतःसाठीच नाही तर सगळ्या क्रेनवाल्यांसाठी. त्याबद्दल त्याला मानायलाच हवं. चांगलंच करत होता सगळं. फक्त तपासणीचं नाव काढलं की त्याच्या कानात बोळे जायचे.

"अगं वहिनी, पोटात मोड असलेच तर ते कडधान्याचे," तो हसून म्हणायचा. "आतून धुऊन निघालोय मी. बघ, कसा हलका झालोय."

हलका झाला होता खरा. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. येणारेजाणारे म्हणायचे, वा, काय बारीक झालास, आम्हालाही सांग की काय खातोस. तो सांगायचा, रंगून सांगायचा. थोरली मात्र त्याच्या गळ्याखालच्या हाडांकडे बघत राहायची. उस्तादच्या गळ्याखाली असेच खड्डे पडले होते, आणि तेव्हाही ती त्यांच्याकडे अशीच नुसती बघत राहिली होती.

मग जिना. खारचं घर वरच्या मजल्यावर, आणि वर जाणारी पावलं थोरलीच्या दारावरून जायची. आयुष्यभर ती पावलं एका दमात वर गेली होती. आता ती तिच्या दारासमोरच्या चौकात थांबत. थोरली आत उस्तादच्या औषधाची गोळी हातात घेऊन उभी राहायची, आणि पावलं पुन्हा सुरू होईपर्यंत तिचाही श्वास अडकलेला असायचा.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं धाकटीला विचारलं, "बरं आहे ना गं त्याचं?"

"दमतात फार," धाकटी म्हणाली. "म्हणतात, अंगातलं विष बाहेर पडतंय, म्हणून."

"आणि संडासला?"

धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं. "लाल दिसतं. पण ते बिटानं. बीट खाल्लं की होतंच म्हणे तसं."

"होतं खरं. काल खाल्लं होतं का बीट?"

धाकटी चादरीचं एक टोक धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बीट संपून आठवडा झाला ताई. आणलंच नाहीये."

दोघींनी मिळून चादर पिळली. पिळून झालेली होती, तरी पुन्हा पिळली.

"तू बोल ना त्याच्याशी," थोरली म्हणाली.

"बोलले. म्हणाले, आतड्याला रंग धरतो, हळूहळू जातो." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते तुमचं ऐकतील, ताई. माझं नाही ऐकणार."

ऐकतील! थोरलीला हसूच आलं. घरात तिचं ऐकतं कोण, तर प्रेशर कुकर. तरी तिनं प्रयत्न केला. सुट्टीच्या दिवशी सगळे एकत्र बसलेले असताना तिनं विषय काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते सगळं सांगितलं. सासऱ्यांचं वाळून जाणं, उस्तादचं कमी वयात होणं, म्हणजे घराण्यातच असेल, भावानं तपासून घ्यावं.

सासूबाईंनी चहाचा कप खाली आदळला. "आमच्या रक्तात खोट काढतेस? सरळ सांग की डब्याचं पाप झाकायचंय म्हणून!"

खार मात्र शांतपणे सफरचंद चिरत होता. "वहिनी, हे बघ. रक्तात असेल तर तपासून काय करू? रक्त बदलू? नशिबात आहे ते होणारच. आणि डब्यानं झालं असेल, तर डबा मी कधीच बंद केलाय. मग कशाला ते कॅमेरे घालून घ्यायचे?"

त्यानं दोन्ही दारं अशी लावून घेतली होती आणि मधे निवांत बसला होता. थोरली उस्तादकडे वळली. उस्तादनं भिंतीकडे तोंड केलं. त्याचं पोट गुरगुरलं आणि सगळ्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतरचे काही दिवस ती इस्त्री करता करता विचार करत राहिली. लॉन्ड्रीत वाफेनं डोळे चुरचुरायचे, मागून मालकीण घाई करायची, घरी गेल्यावर पिशवी, पेज, सासूबाईंचं तोंड. तिला भीती वाटत होती आणि भीती वाटायलाही तिच्यात ताकद उरली नव्हती. एक उस्ताद तिनं उचलला, धुतला, बसवला, निजवला. दुसरा उचलायला तिच्या हातात बळ नव्हतं. आणि हा दुसरा तर तिनं लहानपणापासून वाढवलेला.

त्या संध्याकाळी पावलं पुन्हा दारासमोर थांबली. ती सुरू होईनात. थोरलीनं दार उघडलं. खार पायरीवर बसला होता, बुटाची नाडी हातात धरून. नाडी बांधलेलीच होती.

"दमलास?"

"छे. नाडी सुटली होती."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. खूप दिवसांनी ती अशी बसली होती. शाळेत असताना तो तिला याच आवाजात सांगायचा, छे, मी नाही रडलो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "क्रेनचा दोर जुना झाला, त्याची आतली एखादी तार तुटली, आणि मग वरून मस्त नवीन ग्रीस चोपडलं, तर ती तार जुळते का रे?"

"जुळतेय कुठली? उलट ग्रीसखाली दिसत नाही." तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. "वहिनी, पुन्हा तेच नको गं."

"तपासणीला आधी ग्रीस पुसता ना तुम्ही?"

"तो दादाचा दोर. दादानं माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त खाल्लं ते. मी वेळेवर थांबलो. दादाला झालं म्हणून मला होईलच, असं तुझ्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या नाहीत."

हे खरंच होतं. बाई तसं म्हणाल्या नव्हत्या. जे खरं होतं ते सगळं थोरलीनं सांगून पाहिलं होतं, आणि खऱ्यानं हा माणूस जागचा हलत नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं. पुढचं ती आधी ठरवून बोलली असं नाही. बोलताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"तुझा आणि तुझ्या दादाचा डबा सारखा नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मांस एकदाच आणायचे मी, आठवड्याचं. चांगलं, ताजं असायचं ते तुझ्या दादाच्या डब्यात. तुझ्या डब्यात कडेचं, उरलेलं. शिळं होऊन वास यायला लागायचा, तेव्हा मीठ जास्त चोळायचे. कधी वरचा काळपट थर खरवडून काढायचे. तू घाईत खायचास, तुला कधी कळलं नाही."

खारनं हातातली नाडी सोडली.

"नवऱ्याचं आधी बघते बाई," थोरली म्हणाली. "दीर म्हणजे शेवटी दीरच. दोन डबे भरून भरून मी कंटाळले होते. डब्यानं झालं असं तूच म्हणतोस ना? मग हो, डब्यानंच झालं. आणि ताजं खाऊन त्याचं हे झालं, तर तुझं काय झालं असेल याचा तू विचार कर."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. खरं होतं ते नेमकं उलट. मऊ, आतला तुकडा तिनं नेहमी खारच्या डब्यात घातला होता आणि कडेचा चिवट भाग उस्तादच्या, कारण उस्तादचं लक्ष नसायचं आणि खारचे दात लहानपणापासून किडके. कंटाळा आला होता तेवढा मात्र खरा. कदाचित म्हणूनच तिचं बोलणं एवढं पटण्यासारखं झालं.

खार हळूहळू उठला. कठड्याला धरून उभा राहिला. शिव्या देईल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं, आणि ते सगळं ती सोसणार होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही असं केलंत?"

तुम्ही. त्यानं तिला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. थोरलीला बसल्या जागी कुणीतरी ढकलून दिल्यासारखं झालं. तिनं फक्त मान हलवली, आणि तो वर निघून गेला. मधे कुठेही न थांबता गेला. रागानं माणसाच्या पायात बळ येतं.

तपासणीला तो त्याच रागात गेला. धाकटीनं गच्चीवर येऊन सांगितलं तेव्हा ती थोरलीच्या डोळ्यांत बघत नव्हती. म्हणजे तिलाही त्यानं सांगितलं होतं तर. मोड नव्हता, त्याच्या पुढची पायरी होती. पण वेळेत सापडलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अजून आतड्याच्या बाहेर काही गेलेलं नाही. आणखी काही महिने बीट-बीट करत काढले असते तर गोष्ट वेगळी होती. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, दोन टोकं जोडली गेली. पिशवी लागली नाही. थोरली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून होती, कारण आत तिला कुणी बोलावलं नाही. बातमी कळल्यावर ती तिथेच पाय वर घेऊन झोपून गेली. झाडूवाल्या बाईनं हलवून जागं केलं.

खार हिंडायफिरायला लागला तेव्हा एका दुपारी सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. बोलावलं त्यांनी, रांधलं थोरलीनं. उस्तादही भिंतीचा आधार सोडून टेबलाशी येऊन बसला होता. धाकटीनं वाढायला मदत केली. खारचा चेहरा उतरला होता, पण त्याच्यावर पुन्हा रंग होता.

"पुढच्या वर्षी परत बोलावलंय म्हणे कॅमेरा घालायला," सासूबाई म्हणाल्या. "काढली ना गाठ? मग परत परत कशाला छळतात?"

"जाणार मी," खार म्हणाला. "खरं तर मलाही वाटत होतं, काढलं ते काढलं, आता खाणंपिणं सांभाळलं की झालं. पण माझ्या पोटात काय काय गेलंय ते मला माहीत आहे ना. तेवढ्यासाठी दर वर्षी जाणार."

"काय गेलंय?"

खारनं सांगितलं. रागानं नाही, अगदी समजूतदारपणे सांगितलं. कडेचं मांस, खरवडलेला थर, चोळलेलं मीठ. सासूबाईंचा घास हातातच राहिला. कुठलं बोलणं कुठून सुरू करावं हे त्यांना सुचेना, आणि त्यांना बोलणं सुचत नाही असं त्या घरात पहिल्यांदाच झालं.

"जाऊ दे आई," खार म्हणाला. "झालं ते झालं. वहिनींना मी माफ केलंय."

थोरली वाढायचा डाव हातात घेऊन उभी होती. खोटंच तर सगळं. न केलेल्या गोष्टीची माफी. तरी ती तिला झिडकारता आली नाही, कारण डबा तिनंच भरला होता, रोज, स्वतःच्या हातानं, आणि त्यानं काय झालं, काय झालं नाही हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिलाही नाही. माफी तिला हवी होती. ती अशी चुकीच्या दारानं आली, तरी हवी होती.

तेवढ्यात उस्तादनं चमचा ताटात ठेवला.

"कडेचं?" तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याचा आवाज असा, पूर्वीसारखा, खालच्या माणसाला वरून ऐकू जाईल असा निघाला. "अरे, कडेचं तर मी चावत होतो. मऊ तुकडा नेहमी हिनं तुझ्या... आणि डबा काय हिनं मनानं भरला? मीच तर हिला..."

खारनं मान वर केली. सासूबाईंनीही केली. उस्ताद थोरलीकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. त्या एका वाक्यासाठी ती केवढी थांबली होती. आता ते त्याच्या ओठांवर आलं होतं, सगळ्यांच्या देखत. आणखी चार शब्द, की सासूबाईंचं तोंड बंद झालं असतं, धाकटीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं असतं, आणि खार तिला पुन्हा 'तू' म्हणाला असता.

"तुम्ही जेवा बघू," थोरली म्हणाली. "आजारपणानं यांना काही आठवत नाही हल्ली. काहीच्या काही बोलतात."

"अगं, पण..."

"जेवा म्हटलं ना."

तिनं त्याच्या ताटात डावभर पेज वाढली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. खार पुन्हा जेवायला लागला. पुढच्या वर्षी त्याची तपासणी होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तोवर तिला दोषी राहणं भाग होतं.